उतारा स्वयंपाकघरात नाही

कुत्र्याने उंदराच्या औषधाची वडी खाल्ली की घरातली माणसं आधी स्वयंपाकघरात धावतात. कुणी मिठाचं पाणी ढवळतं, कुणी दूध पुढे करतं, कुणी तुपाचा डबा उघडतं. माया खरी, पण यातला एकही उतारा नव्हे.

मीठ सगळ्यांत वाईट. उलटी होईलच याची खात्री नाही. रक्तातलं सोडियम मात्र वाढतं आणि झटके येऊ शकतात. दुधाने विष ‘मरत’ नाही, उलट दुधातुपातल्या स्निग्धांशामुळे काही विषं अधिक शोषली जातात. झिंक फॉस्फाइड या काळ्या भुकटीपासून तर पोटातल्या आम्लामुळे विषारी फॉस्फिन वायू तयार होतो. वर खायला घातलं की आम्ल आणखी सुटतं. अशा जनावराला गाडीतून नेताना काचा खाली ठेवाव्यात. त्याच्या उलटीतून निघणारा वायू माणसालाही बाधतो.

घशात बोटं घालून उलटी काढणं हाही असाच आततायीपणा. रॉकेल फुफ्फुसात शिरतं, संडास धुण्याचं ॲसिड वर येताना अन्ननलिका पुन्हा जाळतं. उलटी करवायची की नाही, हे डॉक्टरांनीच ठरवायचं.

‘संध्याकाळी उड्या मारत होता, म्हणजे काही झालं नाही’ हा समज सर्वांत महागात पडतो. ब्रोमॅडिओलोन या उंदराच्या औषधाची वडी शरीरातल्या व्हिटॅमिन ‘के’चं काम रोखते. रक्त गोठवणारे घटक संपेपर्यंत, साधारण 3 ते 5 दिवस, कुत्रा ठणठणीत दिसतो. मग आतल्या आत रक्तस्राव सुरू होतो. यावर व्हिटॅमिन ‘के-1’ हा खरा उतारा आहे, पण तो वेळेत सुरू व्हावा लागतो आणि काही आठवडे चालवावा लागतो.

मांजर म्हणजे लहान कुत्रा नव्हे. पॅरासिटामॉलची अर्धी गोळीही मांजराच्या जिवावर बेतते, कारण ते औषध निकामी करण्याची त्याच्या यकृताची ताकद फार तोकडी असते. कुत्र्यांसाठीचं, परमेथ्रिन असलेलं गोचिडांचं औषध मांजराला लावणंही तितकंच घातक.

चॉकलेट वाईट, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. बेदाणे मात्र लाडाने भरवले जातात! काही कुत्र्यांची मूत्रपिंडं त्यानेच निकामी होतात. संशय टार्टारिक आम्लावर आहे, आणि ते चिंचेतही भरपूर असतं.

तेव्हा लक्षणांची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा. काय, किती आणि केव्हा खाल्लं ते सांगा, जनावराचं वजन सांगा. औषधाचं पाकीट, उलटी झाली असल्यास तिचा नमुना सोबत न्या. आणि रात्री उघडा असणारा जवळचा दवाखाना कोणता, हे आजच विचारून ठेवा.