गंज : लाल आणि काळा

वस्तुसंग्रहालयातील काचेच्या पेटीत ठेवलेले शे-दीडशे वर्षांपूर्वीचे रिव्हॉल्व्हर पाहिले, की एक प्रश्न हमखास मनात येतो. घरची पितळी समई आपण चिंचेने घासून लखलखीत करतो. मग ही मौल्यवान वस्तू अशी काळपट का ठेवली आहे? कुणी घासूनपुसून चकचकीत का करत नाही?

याचे उत्तर गंजाच्या रसायनात दडलेले आहे.

सॅम्युएल कोल्ट या अमेरिकनाला १८३६ साली रिव्हॉल्व्हरचे पेटंट मिळाले. घोडा मागे ओढला, की गोळ्यांचा दंडगोल एक घर फिरतो आणि नेमका नळीसमोर येऊन अडकतो, ही त्यातील मुख्य युक्ती. पुढे त्याच्या कारखान्यात १८५१ चे 'नेव्ही' नावाचे प्रसिद्ध रिव्हॉल्व्हर तयार झाले. त्याच्या दंडगोलावर १८४३ सालच्या कँपेचेच्या नाविक लढाईचे चित्र उमटवलेले असे. ही रेघ अगदी उथळ असते. गंज काढण्यासाठी तारेचा ब्रश किंवा पॉलिशचे चाक फिरवले, की गंजाबरोबर जहाजेही निघून जातात! वेगवेगळ्या भागांवर ठोकलेले क्रमांकही पुसट होतात. ते एकमेकांशी जुळले, तरच भाग मूळचे आहेत असे संग्राहक मानतो. घासून गेलेले पोलाद परत आणता येत नाही.

दोन भाऊ, दोन स्वभाव

लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन एकत्र आले, की लाल गंज तयार होतो. तो मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो. त्यामुळे तो फुगतो, त्याचे पापुद्रे सुटतात आणि खालचे ताजे लोखंड पुन्हा उघडे पडते. गंजणे थांबतच नाही.

काळा गंज मात्र वेगळा. त्याच्या रेणुसूत्रात लोखंडाचे तीन आणि ऑक्सिजनचे चार अणू असतात. याला मॅग्नेटाइट म्हणतात. तो चुंबकाला चिकटतो. तो पृष्ठभागाला घट्ट धरून बसतो आणि तेलाचा हात फिरवला तर तेलही धरून ठेवतो. जुन्या कारागिरांनी याचाच उपयोग केला. स्वच्छ पोलाद ते मुद्दाम दमट हवेत गंजू देत, मग पाण्यात उकळत. उकळताना लाल थराचा काळा थर होई. सुटी भुकटी हलक्या हाताने झाडून हीच क्रिया पुनःपुन्हा करत. म्हणजे त्या रिव्हॉल्व्हरचा काळा-निळा रंग हा रंग नव्हेच. तो माणसाने शिस्त लावलेला गंज आहे!

छोट्या स्क्रूंचा झगझगीत निळा रंग आणखी निराळा. पोलाद सुमारे ३०० अंश सेल्सियसपर्यंत तापवले, की त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा येतो. त्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परतणाऱ्या प्रकाशलहरींचे व्यतिकरण होते आणि निळा रंग दिसतो. पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या तेलाच्या तवंगात दिसणारे रंग याच जातीचे. हा पापुद्रा मिलिमीटरच्या सुमारे वीस हजाराव्या भागाइतका जाड असतो. त्याला पॉलिश लावले तर काय उरणार?

मग जतन कसे करतात?

जुने हत्यार भरलेले असू शकते; म्हणून ते रिकामे असल्याची खात्री जाणकार आधी करून घेतो. त्यानंतर शत्रू शोधायचा. त्या काळच्या काळ्या दारूत सोरा, कोळसा आणि गंधक असे. ती जळल्यावर निम्म्याहून अधिक भाग घनरूपात मागे राहतो आणि त्यातील क्षार हवेतील ओलावा शोषून घेतात. ते काढून वस्तू पूर्ण कोरडी करावी लागते. लाल गंज तेलाने मऊ करून भिंगाखाली थोडाथोडा सोडवतात. काळ्या थराला हात लावत नाहीत. शेवटी मेणाचा पातळ लेप देतात. अशा कामासाठी ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत १९५० च्या दशकात खास मेण तयार झाले. वस्तू ठेवलेल्या पेटीतील हवा कोरडी राखणे हे तर सर्वांत महत्त्वाचे.

आपल्या देशात शस्त्रांसाठी १९५९ चा कायदा आहे. तेव्हा घरच्या माळ्यावर असे काही सापडले, तर त्याला हात न लावता मोठ्या माणसांना सांगा.

तुमच्या प्रयोगासाठी खिळा पुरेसा आहे. जस्ताचा मुलामा नसलेले दोन खिळे कागदी पॉलिशने घासून स्वच्छ करा आणि दमट जागी ठेवा. त्यांवर लाल गंजाचा पातळ थर आला, की एक खिळा शिक्षकांच्या देखरेखीखाली ऊर्ध्वपातित पाण्यात अर्धा तास उकळा. मग दोन्ही खिळे शेजारीशेजारी ठेवून पाहा. एकावरचा थर बोटाला लाल लागेल; दुसऱ्याचा काळसर झालेला असेल. संग्रहालयातील त्या काळपट रिव्हॉल्व्हरचे गुपित तुमच्या तळहातावर असेल.