समरकंदची ती निळी टाइल नेमकी कधीची?

मागच्या वर्षी आमच्या विभागाच्या सेमिनारमध्ये मी समरकंदच्या बीबी खानम मशिदीतल्या एका निळ्या टाइलचा फोटो दाखवला. खाली लिहिलं होतं, 'पंधराव्या शतकाचा आरंभ'. माझं काम जुन्या झिलईतल्या धातूंवर आहे. त्यामुळे तांब्यामुळे फिरोजी छटा कशी येते, कोबाल्टमुळे गडद निळा कसा येतो, हे मी मोठ्या उत्साहाने सांगत होते. मागच्या रांगेतून एका सरांनी विचारलं, "इमारत तेव्हाची आहे, मान्य. ही टाइल कधी बसवली?"

मला उत्तर देता आलं नाही. फोटो मी स्वतः काढलेला होता, पण भिंतीचा कोणता भाग, किती उंचीवर, शेजारी काय, याची एक ओळही वहीत नव्हती. तो फोटो प्रबंधातून काढावा लागला. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून हा लेख.

आधी त्या मशिदीची गोष्ट. तैमूरने ती १३९९ ते १४०४ या काळात बांधून घेतली. काम प्रचंड आणि घाई त्याहून मोठी, त्यामुळे इमारत लवकरच ढासळू लागली. १८९७च्या भूकंपात आणखी पडझड झाली. आज आपल्याला दिसणारे भव्य घुमट आणि कमानी बऱ्याच अंशी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या पुनर्बांधणीतल्या आहेत. जवळच्या रेगिस्तान चौकातही तसंच आहे. तिथल्या तीन मदरशांपैकी उलुगबेगचा १४१७-२० मधला, शेरदोर १६१९-३६ मधला आणि तिल्लाकारी १६४६-६० मधला. म्हणजे एकाच फोटोत दोनशेहून जास्त वर्षांचं अंतर. वर तिल्लाकारीचा निळा घुमट तर सोव्हिएत काळात चढवलेला!

आता तुम्ही म्हणाल, मग हे सगळं खोटं का? अजिबात नाही. दुरुस्ती हाही इतिहासच आहे. फक्त बांधणीचं साल आणि दुरुस्तीचं साल एकाच रकान्यात लिहायचं नाही.

मग खरं जुनं समरकंद कुठे आहे? बीबी खानमपासून थोडं उत्तरेला चाला. अफ्रासियाब नावाची मातीची उंचसखल टेकाडं लागतात. बहुतेक पर्यटक तिथे पाच मिनिटंही थांबत नाहीत. पण १२२०मध्ये मंगोलांनी उद्ध्वस्त केलेलं समरकंद हेच. १९६५मध्ये इथे रस्त्याचं काम चालू असताना सातव्या शतकातली भित्तिचित्रं सापडली. त्यात दूरदूरच्या देशांचे वकील भेटी घेऊन आलेले दिसतात. चित्रावर सोग्दियन भाषेत मजकूर आहे आणि त्यात वर्खुमान या राजाचं नाव आहे. हाच राजा चीनच्या तांग दरबाराच्या नोंदींतही सापडतो. दोन वेगळ्या भाषांतले, एकमेकांवर अवलंबून नसलेले पुरावे एकाच माणसाकडे बोट दाखवतात, तेव्हा काळ ठरवायला बळ मिळतं. आणि त्या चित्रांच्या निळ्या पार्श्वभूमीसाठी बदख्शानच्या डोंगरातला लाजवर्द वापरलेला आहे. व्यापारी मार्ग म्हणजे काय, हे तिथे भिंतीवरच दिसतं.

दुसरं उदाहरण माझं सगळ्यात आवडतं. उलुगबेगच्या वेधशाळेत १०१८ ताऱ्यांची सूची तयार झाली, पण पुढे ती इमारतच नाहीशी झाली. जागाही कुणाला ठाऊक नव्हती. १९०८मध्ये व्यात्किन या अभ्यासकाने ती शोधली. कशी? एका जुन्या वक्फनाम्यात जमिनीच्या हद्दी सांगताना त्या टेकडीचा उल्लेख होता, त्यावरून. खोदल्यावर खडकात कोरलेला, सुमारे ४० मीटर त्रिज्येच्या प्रचंड कंसाचा जमिनीखालचा भाग मिळाला. खगोलशास्त्राचा पुरावा जमिनीच्या कागदपत्रात होता! आपल्या विषयाबाहेरचं वाचायचं ते यासाठी.

बुखारा आणि खीवालाही हीच नजर घेऊन जा. बुखाऱ्यात सामानी घराण्याच्या मकबऱ्यावर रंगीत टाइल नाहीच, सगळी नक्षी भाजलेल्या विटा वेगवेगळ्या तऱ्हेने रचून केलेली आहे. निळा रंग म्हणजेच मध्य आशिया ही आपली कल्पना तिथे मोडते. खीवा 'प्राचीन' वाटतं, पण तिथला ठेंगणा निळा काल्ता मिनार १८५०च्या दशकातला आहे, अर्धवट राहिलेला.

जाण्याआधी घरबसल्या करता येण्याजोगं एक काम आहे. १८७१-७२ मध्ये तयार झालेला 'तुर्कस्तान अल्बम' आणि प्रोकुदिन-गोर्स्कीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काढलेली रंगीत छायाचित्रं अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर मोफत बघता येतात. त्यातला मशिदीचा फोटो आणि आजचा फोटो शेजारी ठेवा. जुन्या फोटोत जिथे भगदाड आहे, तिथली आजची टाइल जुनी असूच शकत नाही. पण जिथे भगदाड नाही, तिथली टाइल जुनीच असेल असंही नाही. हा दुसरा मुद्दा विसरू नका, मीही एकदा त्यात फसले होते.

प्रत्यक्ष गेल्यावर प्रत्येक फोटोसाठी वहीत चार गोष्टी लिहा: इमारत आणि तिचं साल, नेमकी जागा, दुरुस्तीच्या खुणा, आणि 'हे मला कशावरून कळलं?' शेवटचा रकाना रिकामा राहिला, तर तो तसाच राहू द्या. अंदाजाने भरू नका. सेमिनारमध्ये "हे अजून ठरलेलं नाही" असं म्हणणं मला त्या दिवशी जमलं असतं, तर सरांच्या प्रश्नापुढे मी गप्प उभी राहिले नसते.