ओहम शांती ओहम!

आमचा लातूरचा वीकेंड बँड. सोमवार ते शुक्रवार कुणी बँकेत, कुणी क्लासेसमध्ये. शनिवारी मात्र सगळे रॉकस्टार! मी बेसवर. नांदेडला पहिला मोठा शो मिळाला आणि आम्ही हवेतच. हॉल मोठा, म्हणून माझ्या नेहमीच्या दोन कॅबिनेटना तिथल्या मित्राचं तिसरं जोडलं. तिसऱ्याच गाण्यात बेस गायब. अॅम्प तव्यासारखा तापलेला आणि जळका वास. उरलेला शो मी नुसता मान हलवत उभा!

लातूरला परतल्यावर रिपेअरवाल्या काकांनी झाकण उघडलं आणि विचारलं, "पोरहो, किती पेट्या जोडल्या होत्या?"

"तीन. पण एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात वायर नेली. म्हणजे सिरीजच ना?"

काका हसले. "वायर रांगेत दिसते. आत सगळं पॅरलल असतं, बाबा."

इथेच आमची विकेट पडली होती. ओहम म्हणजे करंटच्या वाटेतला अडथळा. पॅरललमध्ये पेट्या वाढल्या की हा अडथळा कमी होतो. ८ ओहमचं एक कॅबिनेट म्हणजे ८, दोन म्हणजे ४ आणि तीन म्हणजे जेमतेम २.७. माझ्या अॅम्पच्या पाठीवर स्पष्ट लिहिलं होतं, किमान ४ ओहम. प्रॅक्टिसला दोन पेट्यांवर तो मजेत चालायचा. तिसरीने त्याच्याकडून झेपेल त्यापेक्षा जास्त करंट ओढला आणि आउटपुट ट्रान्झिस्टर गेले.

वॉटचाही असाच फंडा. 'पीक'चा आकडा विसरा, आरएमएस बघा. ४ ओहमला ५०० वॉट देणारा अॅम्प ८ ओहमच्या दोन पेट्यांना प्रत्येकी २५० देतो. पण एक पेटी ८ ची आणि एक ४ ची असेल, तर ४ वालीवर दुप्पट भार येतो. शिवाय एकूण पुन्हा २.७ च! छोटा अॅम्प म्हणजे सेफ, हाही गैरसमज. तो फुल्ल पिळून आवाज फाटेपर्यंत वाजवला, तर स्पीकरची कॉइल जळू शकते. शिवाय बेसची सर्वांत जाड तार साधारण ४१ हर्ट्झची. बेसचा नॉब पूर्ण फिरवलात, तर वॉट मर्यादेत असूनही कोन फाटू शकतो.

जोडण्याआधी एवढं कराच

- अॅम्प आणि कॅबिनेट, दोन्हींच्या मागचं लेबल वाचा.
- लेबल पुसलंय? मल्टिमीटर लावा. ८ ओहमची पेटी साधारण ६ दाखवते.
- अॅम्प ते कॅबिनेट स्पीकर केबलच वापरा. गिटारची बारीक केबल तापते.
- ब्रिज मोडमध्ये प्रत्येक चॅनलला निम्मेच ओहम दिसतात. त्याची किमान मर्यादा वेगळी लिहिलेली असते, ती बघा.
- ट्यूब अॅम्प कॅबिनेट न जोडता कधीच चालू करू नका.

हॉल मोठा असेल तर? तिसरी पेटी नको. डीआय बॉक्समधून बेस थेट हॉलच्या साउंड सिस्टिमला द्या.

आता शोआधी बाकीचे तारा ट्यून करतात. मी आधी ओहम मोजतो.