गाजलेल्या नाट्यपटांचे व रहस्यपटांचे गुणदोषविवेचन : एक पद्धतिविचार

१

एखाद्या चित्रपटाची थोरवी एकदा सर्वमान्य झाली, म्हणजे त्याच्या परीक्षणास दोन वाटा फुटतात. एक वाट स्तुतिपाठाची. ह्या वाटेने जाणारा अभ्यासक कीर्तीलाच प्रमाण मानतो आणि कृतीत जे जे आढळेल ते ते गुण म्हणूनच नोंदवतो. दुसरी वाट छिद्रान्वेषाची. तीवरून जाणारा कथानकातील फटी मोजतो आणि त्या पुरेशा संख्येने हाती आल्या, की कीर्ती खोटी ठरली असे मानून थांबतो. ह्या दोन वाटा वरवर परस्परविरोधी दिसतात. परंतु कृतीचे वजन प्रत्यक्ष करून पाहण्याचे श्रम दोन्ही टाळतात. ते श्रम कसे करावेत, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

कीर्ती हे प्रमाण नव्हे, हे दाखवण्यास एकच उदाहरण पुरे. लंडनहून निघणाऱ्या 'साइट अँड साउंड' ह्या नियतकालिकाने १९५२ पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांचा कौल घेतला आहे. पहिल्या कौलात 'बायसिकल थीव्ह्ज' (१९४८) ह्या इटालियन चित्रपटास अग्रस्थान मिळाले. १९६२ पासून २००२ पर्यंतच्या पाच कौलांत ते 'सिटिझन केन' (१९४१) ह्या चित्रपटाकडे राहिले, २०१२ मध्ये 'व्हर्टिगो' (१९५८) कडे गेले आणि २०२२ मध्ये शांताल आकरमान ह्यांच्या 'जान दिएलमान' (१९७५) कडे आले. ह्या सत्तर वर्षांत ह्यांपैकी कोणत्याही चित्रपटाची घडण बदललेली नव्हती. बदलले ते पाहणारे. म्हणून कीर्ती ही कृतीच्या अंगची वस्तू नसून कृती आणि प्रेक्षक ह्यांच्या संबंधाच्या इतिहासातील एक घटना आहे, असे म्हणणे प्राप्त आहे. ती घटना निरर्थक मात्र नव्हे. कृतीकडे पुन्हा एकवार पाहण्यास ती सबळ कारण पुरवते. निर्णय देण्याचे काम तिच्याकडे सोपवता येत नाही, इतकेच.

२

दोष दिसला म्हणजे कृती उणी ठरली, हे समीकरण प्राचीन साहित्यशास्त्रानेच नाकारलेले आहे. ॲरिस्टॉटलने 'काव्यशास्त्रा'त दोषांचे दोन वर्ग केले : कलेच्या मर्मास लागणारे आणि केवळ आनुषंगिक. हरिणीला शिंगे नसतात हे चित्रकारास ठाऊक नसणे हा हलका दोष. तिचे चित्र निर्जीव काढणे हा भारी दोष. त्याचे दुसरे निरीक्षण रहस्यपटाच्या अभ्यासकास अधिकच उपयुक्त आहे. लायसचा मृत्यू कसा झाला, हे ईडिपसला इतकी वर्षे ठाऊक नसावे, ही गोष्ट असंभाव्य आहे हे त्यास दिसत होते. परंतु ती असंभाव्यता प्रत्यक्ष नाट्यक्रियेच्या बाहेर राहिल्याने सह्य होते, असा त्याचा अभिप्राय आहे.

आपल्याकडे नवव्या शतकात आनंदवर्धनाने श्रुतिदुष्टादी दोषांना अनित्य ठरवून हाच विवेक निराळ्या अंगाने मांडला. जी कठोर वर्णरचना शृंगारास मारक, तीच रौद्रास पोषक होऊ शकते. अकराव्या शतकातील क्षेमेंद्राचा औचित्यविचारही ह्याच दिशेचा आहे : कोणतेही अंग स्वतंत्रपणे चांगले वा वाईट नसते, ते कोठे आणि कशासाठी आले, ह्यावर त्याचे मोल ठरते.

ह्या विचारांच्या आधारे चित्रपटास तीन प्रश्न विचारता येतील. पहिला : ही कृती प्रेक्षकास कशाची वाट पाहावयास लावते? ह्या अपेक्षेस आपण कृतीचे 'वचन' म्हणू. दुसरा : आढळलेला दोष त्या वचनाच्या पूर्तीच्या आड येतो, की बाजूला पडून राहतो? तिसरा : तो दोष ज्या निवडीतून आला, त्याच निवडीतून एखादा मोठा गुणही आला आहे काय? ह्या प्रश्नांची कसोटी आता तीन चित्रपटांवर लावून पाहू.

३

आल्फ्रेड हिचकॉक ह्यांचा 'व्हर्टिगो' हा ब्वालो व नार्सजाक ह्या फ्रेंच लेखकद्वयाच्या १९५४ मधील कादंबरीवर आधारलेला आहे. उंचीच्या भयाने ग्रासलेला स्कॉटी हा निवृत्त गुप्त पोलीस, एल्स्टर ह्या जुन्या परिचिताच्या सांगण्यावरून, त्याच्या पत्नीवर पाळत ठेवतो. तिच्यात तो गुंततो आणि मनोऱ्यावरून ती पडलेली त्यास पाहावी लागते. पुढे तिच्यासारखी दिसणारी ज्यूडी त्यास भेटते आणि तिला मृत स्त्रीचे रूप देण्याचा ध्यास तो घेतो. वस्तुतः पत्नीचे सोंग ज्यूडीनेच घेतलेले होते. खरी पत्नी एल्स्टरने वरून लोटून दिलेली होती.

ह्या कथेत फटी पुष्कळ आहेत. आरंभी छपराच्या पन्हळीला लोंबकळणारा स्कॉटी खाली कसा उतरला, हे कधीच दाखवले जात नाही. तो जिना पूर्ण चढणार नाही, ह्या एका भरवशावर एल्स्टरचा सारा कट उभा आहे. फ्रान्स्वा त्रूफो ह्यांनी १९६२ मध्ये घेतलेल्या व पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या मुलाखतीत हे छिद्र आपल्यालाही खटकत असल्याचे स्वतः हिचकॉक ह्यांनीच सांगितले आहे. परंतु ह्या चित्रपटाने वचन दिले आहे ते कटाच्या तर्कशुद्धतेचे नव्हे. कादंबरीत अखेरपर्यंत राखलेले रहस्य हिचकॉक ह्यांनी चित्रपटाचा सुमारे दोनतृतीयांश भाग सरताच ज्यूडीच्या आठवणीतून उघड केले. भोवतालच्या मंडळींचा ह्या बदलास विरोध होता. त्या क्षणापासून 'ही कोण?' हा प्रश्न संपतो आणि 'ह्यास कळले तर काय होईल?' हा प्रश्न सुरू होतो. विस्मयाची जागा भयाने व करुणेने घेतली जाते. स्कॉटी ज्यूडीचे केस व वेश बदलू लागतो, तेव्हा जे तिला ठाऊक आहे ते आपणांसही ठाऊक असते. त्यामुळे प्रेमाच्या नावाखाली चाललेले हे कृत्य किती क्रूर आहे, हे दिसू लागते. रहस्य आधी फोडले नसते, तर हे दिसले नसते. एल्स्टर शिक्षेवाचून सुटतो, हीही ह्या दृष्टीने उणीव ठरत नाही. त्याच्या शिक्षेची वाट कोणी पाहत नसते.

खरी उणीव निराळी आहे. रहस्य फोडून चित्रपट ज्यूडीच्या अंतःकरणाचे दार उघडतो, परंतु आत फारसा शिरत नाही. एका स्त्रीच्या हत्येत आपण सामील होतो, ही जाणीव तिला कशी छळत असेल, ह्याची विचारपूस जवळजवळ होत नाही. तिची व्यथा स्कॉटीवरील प्रेमापुरती मर्यादित राहते. त्याचप्रमाणे मिज ही स्कॉटीची समंजस मैत्रीण रुग्णालयातील प्रसंगानंतर कथेतून नाहीशी होते. स्कॉटीच्या ध्यासास बाहेरून तोलणारी एकमेव दृष्टी तिच्याबरोबर जाते. हे दोष वचनाच्या मार्गातच पडतात. म्हणून पन्हळीवरून उतरण्याच्या प्रश्नापेक्षा ते कितीतरी भारी आहेत.

४

अकिरा कुरोसावा ह्यांच्या 'राशोमोन' (१९५०) ला १९५१ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात सुवर्णसिंह मिळाला. अकुतागावा ह्यांच्या दोन कथा येथे एकत्र आल्या आहेत. एका सामुराईच्या मृत्यूची हकिकत प्रथम दरोडेखोर, मग सामुराईची पत्नी आणि नंतर माध्यमाच्या मुखाने स्वतः मृत सामुराई अशा तिघांनी तीन प्रकारे सांगितली आहे. चौथी हकिकत लाकूडतोड्याची. कोणीही दोष झटकू पाहत नाही, हे येथील वैशिष्ट्य होय. दरोडेखोर हत्या स्वतःकडे घेतो, पतीच्या छातीत रुतली ती आपलीच कट्यार असे पत्नी सुचवते आणि सामुराई आत्मघात सांगतो. प्रत्येकास निरपराध ठरण्यापेक्षा आपली प्रतिमा जपणे अधिक मोलाचे वाटते.

न्यायालयाच्या प्रसंगांत न्यायाधीश कधी दिसत नाही, त्याचा आवाजही ऐकू येत नाही. साक्षीदार कॅमेऱ्याकडे तोंड करून बोलतात. न्यायासन प्रेक्षकाकडे येते. काझुओ मियागावा ह्यांच्या छायालेखनात पानांतून झिरपणारा, क्षणोक्षणी हलणारा प्रकाश 'नीट दिसत नाही' ह्या अनुभवास डोळ्यांपुढे उभा करतो. आशय आणि तंत्र ह्यांचे असे ऐक्य विरळा.

ह्या चित्रपटावरील दोन आक्षेप विचारार्ह आहेत. पहिला लाकूडतोड्याच्या हकिकतीविषयी. अकुतागावांच्या कथेत तो केवळ प्रेत सापडल्याचे सांगतो; चित्रपटात मात्र तो प्रत्यक्षदर्शी झाला आहे. तो घटनेत गुंतलेला नाही आणि त्याची हकिकत शेवटी येते, म्हणून प्रेक्षक तीस खरी मानून मोकळा होतो. कट्यार त्यानेच चोरली हे उघड करून पटकथेने त्याच्याविषयीही संशय पेरला आहे, हे खरे. परंतु ती चोरी त्याच्या मौनाचे कारण होते, त्याच्या सांगण्यातील इतर तपशील खोटे असल्याचे नव्हे. येथे सत्याच्या अनिश्चिततेचे वचन सैल पडते.

दुसरा आक्षेप शेवटाविषयी. टाकून दिलेले अर्भक सहा मुलांचा बाप असलेला लाकूडतोड्या घरी नेतो आणि भिक्षूचा मनुष्यावरील विश्वास परत येतो. हा शेवट उपरा आहे, असे पुष्कळ टीकाकार म्हणतात. पण भिक्षूच्या तोंडी आरंभीच जो विषाद आहे, तो सत्य कळत नाही ह्याबद्दलचा नसून मनुष्यावरील श्रद्धा ढळल्याबद्दलचा आहे. म्हणजे चित्रपटाची वचने मुळातच दोन आहेत. पहिल्यासाठी चार हकिकती खर्ची पडतात आणि दुसऱ्याची पूर्ती अखेरच्या काही मिनिटांतील एका प्रसंगावर सोपवली जाते. तेव्हा शेवट उपरा नाही, अपुरा आहे. ह्या दोन शब्दांतील अंतर समीक्षकाने सोडता कामा नये. कारण उपरा भाग कापून टाकता येतो, अपुऱ्या भागाची उणीव साऱ्या रचनेवर पडते.

५

सिडनी लुमेट ह्यांचा 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' (१९५७) रेजिनाल्ड रोझ ह्यांच्या १९५४ मधील दूरचित्रवाणी-नाटकावर आधारलेला आहे. पित्याच्या खुनाचा आरोप असलेल्या एका तरुणाच्या भवितव्यावर बारा पंच एका खोलीत विचार करतात. अकरा जण दोषी म्हणतात, एक जण थांबण्यास सांगतो. जवळजवळ सारा चित्रपट त्या एका खोलीत घडतो आणि तरीही कंटाळवाणा होत नाही. कॅमेरा प्रथम डोळ्यांच्या पातळीच्या वर, मग त्या पातळीवर आणि शेवटी तिच्याखाली आणला, भिंगेही क्रमाने अधिक लांब पल्ल्याची वापरली, असे लुमेट ह्यांनी नमूद केले आहे. परिणामी भिंती जवळ येत गेल्याचा व छत डोक्यावर आल्याचा भास होतो. प्रेक्षकास युक्ती जाणवत नाही, कोंडमारा जाणवतो.

आठव्या क्रमांकाचा पंच स्वतः बाजारात जाऊन खुनातील चाकूसारखाच चाकू विकत घेऊन येतो. पंचाने पुराव्याबाहेर जाऊन असा शोध करणे कायद्यास मान्य नाही. हा दोष हरिणीच्या शिंगांसारखा हलका म्हणावा काय? तसे म्हणता येत नाही. कारण न्यायप्रक्रिया हाच ह्या चित्रपटाचा विषय आहे. जी चूक 'व्हर्टिगो'त बाजूला पडली असती, ती येथे विषयाला स्पर्श करते. दोषाचे वजन त्याच्या जातीवर ठरत नसून स्थानावर ठरते, ते असे.

त्याहून सूक्ष्म उणीव शेवटी आढळते. चित्रपटाचे वचन विवेकाच्या विजयाचे आहे. चौथ्या क्रमांकाचा पंच ह्या वचनास जागतो : साक्षीदार स्त्रीच्या नाकावरील चष्म्याच्या खुणांचा विचार पटताच तो शांतपणे मत बदलतो. परंतु तिसऱ्या क्रमांकाचा पंच, जो अखेरचा विरोधक, तो युक्तिवादाने हरत नाही. मुलावरील राग अनावर होऊन तो त्याचे छायाचित्र फाडतो आणि कोसळतो. प्रसंग नाट्यदृष्ट्या प्रभावी आहे. पण विरोधी मत म्हणजे खाजगी जखम, असे समीकरण त्यातून नकळत मांडले जाते. 'अपराध सिद्ध झाला नाही' आणि 'आरोपी निरपराध आहे' ह्यांतील भेद चित्रपट शब्दांनी जपतो; मात्र पुराव्याचा एकेक धागा तुटत गेल्याने प्रेक्षक तो भेद विसरूनच बाहेर पडतो. ज्या एककेंद्री रचनेने चित्रपटास वेग दिला, तिचीच ही किंमत आहे. आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते : गुण आणि दोष कित्येकदा एकाच मुळावर वाढतात आणि एक उपटताना दुसरा हाती येतो.

६

ह्या विवेचनातून काही व्यावहारिक सूत्रे निघतात. दोष सांगण्यापूर्वी कृती पुन्हा तपासावी. 'सिटिझन केन'मध्ये मरणाऱ्या केनचा शेवटचा शब्द ऐकण्यास खोलीत कोणीच नव्हते, हा आक्षेप वर्षानुवर्षे सांगितला जातो. पण तो शब्द आपण ऐकला, असे रेमंड हा बटलर पुढे स्वतः सांगतो, हे आक्षेप घेणारे विसरतात. रहस्यपट दुसऱ्यांदा पाहावा. उत्तर ठाऊक असताना जे उरते, तेच त्याचे नाट्य. आणि दोषांची यादी करण्याऐवजी त्यांची उतरंड लावावी : कोणता वचनाच्या मुळावर येतो, कोणता केवळ कडेला आहे, कोणता गुणाची किंमत म्हणून आला आहे.

अशा रीतीने पाहता वरील तिन्ही चित्रपट थोरच राहतात. मात्र त्यांची थोरवी आपण कोणाच्या कौलावरून स्वीकारलेली नसते. कीर्तीपुढे मान तुकवणाऱ्यास किंवा तिच्यावर दगड मारणाऱ्यास आपले मत बदलण्याची पाळी कधी येत नाही, कारण त्याचे मत कृतीवर अवलंबूनच नसते. उतरंड लावणाऱ्यास ती येऊ शकते. पुढच्या अभ्यासकाने अधिक बारकाईने पाहिले, तर त्यास आपला क्रम बदलावा लागेल आणि तो का बदलला, हेही सांगता येईल. अभ्यास म्हणून ज्यास म्हणावयाचे, त्याची सुरुवात येथून होते.