लेकरा, सदरा ओलाच घातला का?

शेजारच्या टेबलावरून येणाऱ्या घामाच्या वासावर ऑफिसात सगळे बोलतात. फक्त ज्याच्याशी बोलायला हवं, त्याच्याशी कुणीच नाही!

मार्चअखेरचा सोमवार. सकाळचे सव्वादहा. बाहेर ऊन चाळिशीला टेकायच्या बेतात आणि आत एसी 'चालू' असल्याचा नुसता आवाज. तो येतो. बॅग ठेवतो, हसून 'गुड मॉर्निंग' म्हणतो आणि खुर्चीत बसतो. पुढच्या दोन मिनिटांत शेजारणीला बाटली भरायची आठवण होते, समोरच्याला न वाजलेला फोन येतो आणि कुणीतरी उठून खिडकी उघडतं. एसी चालू असताना!

काय, ओळखीचा वाटतोय ना सीन? ऑफिस हिंजवडीचं असो, बीकेसीचं असो नाहीतर हिंगोलीचं. असा एक 'तो' किंवा 'ती' प्रत्येक ठिकाणी असते. आणि त्याला कुणीतरी सांगायला हवं, यावर सगळ्यांचं एकमत असतं. फक्त ते 'कुणीतरी' म्हणजे आपण नव्हे.

मी सांगतेय तो सीन हिंगोलीतला आहे. माझं गाव. मास कॉमची डिग्री घेऊन पुण्यात फ्रीलान्सिंग करत होते, मध्येच घरच्या कारणाने सहा महिने गावी राहावं लागलं. तेवढ्या काळापुरतं एका खासगी ऑफिसात डॉक्युमेंटेशनचं काम घेतलं. आमच्या जिल्ह्यातल्या औंढा नागनाथजवळ 'लायगो' प्रयोगशाळा व्हायची आहे. केंद्राने २०२३ मध्ये त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. कोट्यवधी प्रकाशवर्षं दूर दोन कृष्णविवरं धडकली तर त्याची थरथर इथे मोजता येणार. म्हणजे माणूस कुठवर पोचलाय बघा. आणि आम्ही? तीन फुटांवर बसलेल्या कलीगला एक वाक्य बोलू शकत नव्हतो.

'हिंट'चा हिंसाचार

बोललो नाही, पण गप्पही बसलो नाही. त्याला वगळून व्हॉट्सअॅपवर एक ग्रुप निघाला. नाव, 'नाक मुठीत'. कबूल करते, हे नाव मी सुचवलं होतं. त्या दिवशी त्याला सगळ्यात जास्त स्मायली आल्या आणि मला फार भारी वाटलं होतं.

मग एका शुक्रवारी त्याच्या टेबलावर डिओचा कॅन आला. सोबत पिवळ्या चिठ्ठीवर हसरा चेहरा. नाव कुणाचंच नाही. सोमवारी त्याने कॅन पाहिला, चिठ्ठी वाचली, एकदा आमच्या सगळ्यांकडे पाहिलं आणि कॅन ड्रॉवरमध्ये टाकला. दुसऱ्या दिवशी तो स्टेशनरीच्या कपाटाजवळच्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसलेला दिसला. 'इथं प्रिंटर जवळ पडतो' म्हणाला. डबा एकटाच खायला लागला. 'गुड मॉर्निंग' बंद झालं. वास मात्र तसाच. उलट आता त्यात डिओची भर!

आम्ही याला 'हिंट देणं' म्हणत होतो. पण हिंट मिळालेल्या माणसाला नेमकं काय कळतं? आपल्यात काहीतरी लाज वाटण्यासारखं आहे आणि ते सगळ्यांना माहीत आहे, एवढंच. काय, कधीपासून आणि त्यावर करायचं काय, हे कळत नाही. आणि सही नसल्यामुळे तो कुणाला विचारूही शकत नाही. ऑफिसातला प्रत्येक चेहरा संशयित!

मावशींची दोन मिनिटं

प्रश्न सोडवला तो आमच्या ऑफिसात चहा करणाऱ्या मावशींनी. मी पॅसेजमध्ये कूलरपाशी बाटली भरत होते. तो कप ठेवायला आला. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून मावशी हळूच म्हणाल्या, "लेकरा, सदरा ओलाच घातला का? कोंदट वास यायलाय."

बस्स. एवढंच. आवाजात ना दया, ना दटावणी. भाजीत मीठ कमी आहे, हे सांगावं तसं.

तो आधी गोरामोरा झाला. मग बोलायला लागला. कंपनीने दिलेले लोगोचे शर्ट दोनच. गाव सेनगाव तालुक्यातलं, रोजचं जाणं-येणं मोटरसायकलवर. घरी हळदीचा हंगाम. काढणी झालेली, शिजवणीचा कुकर भाड्याचा, तो यांना रात्रीचाच मिळाला होता. ऑफिसातून घरी, घरून शेतावर, रात्री दोनपर्यंत वाफेत आणि धुरात. शर्ट धुऊन टाकायचा तर गावात पाणी टँकरचं, तेही दिवसाआड. अर्ध्या बादलीत खंगाळलेला शर्ट शेडमध्येच लटकायचा आणि सकाळी तसाच अंगावर चढायचा.

मावशी म्हणाल्या, "एक सदरा हितंच कपाटात ठेव. सकाळी वरच्या टाकीला पाणी असतंय. आला की काखा धू, सदरा बदल अन् मग बस टेबलाला."

तिसऱ्या दिवशी वास गेला. आमच्या ग्रुपने दीड महिन्यात जे केलं नाही, ते मावशींनी दोन मिनिटांत केलं. त्या काय बोलल्या ते पुन्हा वाचा. 'तुला वास येतो' असं त्या म्हणाल्याच नाहीत. वास शर्टाला येत होता. शर्ट बदलता येतो.

त्यालाच कसं कळत नाही?

'एवढा वास येतो, त्याला स्वतःला कळत नाही?' हा आमचा लाडका प्रश्न. उत्तर आहे, खरंच कळत नाही. सतत येणाऱ्या वासाची आपल्या नाकाला आणि मेंदूला सवय होते आणि तो जाणवेनासा होतो. म्हणून तर पाहुण्यांच्या घराला विशिष्ट वास असतो आणि आपल्या घराला 'काहीच' नसतो!

दुसरी गोष्ट. ताज्या घामाला जवळपास वास नसतो. आपल्या अंगावर वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथी असतात आणि त्यांतल्या बहुतेक फक्त खारट पाणी सोडून अंग थंड ठेवतात. काखेत आणि जांघेत मात्र वेगळ्या ग्रंथी असतात. त्या वयात आल्यावर कामाला लागतात. त्यांच्या स्रावावर त्वचेवरचे जीवाणू ताव मारतात आणि त्यातून वास तयार होतो. म्हणजे जास्त घाम आला म्हणजे अस्वच्छता, हे गणितच चुकीचं. आणि नुसता डिओ मारून भागत नाही, कारण जीवाणू आधी धुऊन काढावे लागतात.

तिसरा आरोपी कापड. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. २६ जणांना टी-शर्ट घालून सायकलिंगचा जोरदार व्यायाम करायला लावला आणि नंतर टी-शर्ट हुंगले. सुतीपेक्षा पॉलिस्टरचे शर्ट जास्त घाणेरडे वासत होते, कारण वास करणारे काही जीवाणू पॉलिस्टरवर मजेत वाढतात. आता आठवा तुमच्या कंपनीचा युनिफॉर्म कशाचा आहे ते!

लाजेचं मार्केटिंग

पाठीमागे कुजबुज आणि तोंडावर काहीच नाही, या सवयीवर एक अख्खा धंदा उभा राहिलाय. अमेरिकेत 'ओडोरोनो' नावाचं घाम रोखणारं औषध होतं. एका डॉक्टरने सर्जन मंडळींच्या घामेजल्या हातांसाठी बनवलेलं. १९१९ मध्ये बायकांच्या एका मासिकात त्याची जाहिरात आली. तिचा मथितार्थ असा, की बाई गं, तुझ्या काखेचा वास लोकांना येतोय, पण तुला कुणी सांगणार नाही. सुमारे २०० वाचकांनी चिडून मासिकाची वर्गणी बंद केली. आणि वर्षभरात खप? दुपटीहून जास्त! आम्ही टेबलावर ठेवलेल्या त्या कॅनमध्येही शंभर वर्षांपूर्वीची तीच भीती भरलेली होती.

बोलण्याआधी

तर बोलायचं. पण आधी स्वतःला तीन गोष्टी विचारा.

वास खरंच रोजचा आहे का? पावसात भिजून आलेला, बस बंद पडली म्हणून चालत आलेला माणूस एक दिवस वासणारच. सोडून द्या.

त्रास वासाचा आहे की माणसाचा? हा प्रश्न कडू आहे, पण विचाराच. कुणाच्या डब्यातली सुकट, कुणाच्या केसांचं तेल, कुणाच्या गावाकडच्या बोलण्याचा हेल, या सगळ्यावर 'वास येतो' हे लेबल पटकन चिकटतं. वासाचं निमित्त करून माणसांना लांब बसवायची खोड आपल्या समाजात फार जुनी आहे. तिला एसी ऑफिसात नवं टेबल देऊ नका.

आणि सांगणारे तुम्हीच योग्य आहात का? त्याच्याशी रोज चहा पिणारा मित्र सगळ्यात उत्तम. मुलीला मुलीने सांगितलेलं बरं. तसं कुणीच नसेल तर टीम लीडरने किंवा एचआरने, पण तेही केबिनमध्ये, एकट्यात. सगळ्यांना 'पर्सनल हायजिन'चा मेल पाठवणं म्हणजे ज्यांना गरज नाही त्यांनीच शर्ट हुंगत बसणं!

काय बोलाल?

वेळ संध्याकाळची, निघतानाची निवडा. सकाळी सांगितलंत तर बिचारा दिवसभर तोच शर्ट अंगावर घेऊन अवघडून बसेल. प्रस्तावना लांबवू नका. 'राग मानू नकोस, पण कसं सांगू...' असं पाच मिनिटं चाललं की समोरच्याला वाटतं नोकरी गेली.

साधं बोला. "अरे, एक सांगू? दोन-तीन दिवस तुझ्या शर्टाला घामाचा वास येतोय. तुला कळला नसेल म्हणून सांगतोय. मला आला असता तर तू सांगावंस असंच वाटलं असतं." आणि थांबा. 'सगळे म्हणतात' हे शब्द चुकूनही नकोत. तुम्ही म्हणताय, एवढं पुरे. मग तो काही बोलला तर ऐका. नाही बोलला तर विषय बदला आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे त्याच्याच शेजारी बसा. हे शेवटचं फार महत्त्वाचं.

कधी कारण वैद्यकीय असतं. प्रमाणाबाहेर घाम येणं हा एक विकार आहे आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे त्यावर उपचार आहेत. तोंडाच्या वासामागे बहुतेकदा हिरड्या-दात असतात. वास अचानक बदलला असेल तर डॉक्टरांना दाखवायला सुचवा. मधुमेह असलेल्या माणसाच्या श्वासाला फळासारखा गोडसर वास यायला लागला आणि सोबत मळमळ असेल, तर थांबूच नका. थेट हॉस्पिटल गाठा. पण निदान करणं आपलं काम नाही. 'एकदा दाखवून घे' इथवरच.

आणि बॉस लोकहो, थोडं तुमच्यासाठीही. १९४८ च्या कारखाने कायद्याने कामगारांसाठी धुण्याची पुरेशी सोय ठेवायला सांगितलं होतं. चकाचक ऑफिसांना ते सुचत नाही. दोनाऐवजी चार शर्ट, तेही सुती. एक लॉकर, एक आरसा, नळाला पाणी. ज्या मराठवाड्यात २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे स्वच्छता ही फक्त सवयीची गोष्ट नसते. ती पाण्याचीही असते.

त्याचा प्रश्न

माझे सहा महिने संपले त्या दिवशी तो आणि मी शेवटचा चहा प्यायलो. हळदीला भाव बरा मिळाल्याचं सांगत होता. मग एकदम म्हणाला, "ताई, एक विचारू? तुम्हा सगळ्यांना कधीपासून माहीत होतं?"

मी चहाच्या कपात बघत राहिले. ग्रुपचं नाव कुणी ठेवलं, हे त्याने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

पुण्याला परतल्यावर मागच्याच उन्हाळ्यातली गोष्ट. स्कूटरवर तोंडाला बांधायचा माझा स्कार्फ. रूममेट म्हणाली, "ए, तो धुवायला टाक ना, वास येतोय." कान तापले. दोन मिनिटं तिचा भयंकर राग आला. मग स्कार्फ बादलीत टाकला आणि साबणाच्या फेसात हात घातल्यावर पहिला विचार काय आला असेल?

किती दिवसांपासून येत होता?

मी बाहेर येऊन तिला विचारलं. ती म्हणाली, "आजच आला. म्हणून तर लगेच सांगितलं."