साठीनंतरची सायकल : चाके बदलावीत की टायर?

गेल्या हिवाळ्यात एक निवृत्त अभियंता पत्नीसह माझ्या दवाखान्यात आले. वय ६८, रक्तदाबाची गोळी नियमित, मधुमेह नाही. आठवड्यातून तीनदा पहाटे पुण्याहून खडकवासल्यापर्यंत सायकलने जाण्याचा त्यांचा परिपाठ. तक्रार एवढीच की, तासाभराच्या सायकलफेरीनंतर दोन्ही हातांच्या करंगळ्या आणि त्यांच्या शेजारची बोटे बधिर होतात. तपासणी झाल्यावर पत्नीने खरा विषय काढला. परदेशातील मुलगा वडिलांच्या सायकलसाठी कार्बनची चाके पाठवणार होता. "डॉक्टर, हे वय का वेगाचे? तुम्हीच सांगा यांना."

मी काही सांगण्यापूर्वी त्यांना एक प्रश्न विचारला : "तुमच्या टायरमध्ये हवा किती भरता?" उत्तर आले, "११० पाउंड. टायर दगडासारखे टणक असले की सायकल हलकी चालते."

बधिरतेचे मूळ

करंगळी आणि अनामिकेच्या अर्ध्या भागाची संवेदना वाहून नेणारी नस तळहाताच्या कडेने, मनगटाजवळच्या एका अरुंद बोगद्यातून जाते. हँडलवर शरीराचा भार पडला की ती तेथे दबते. त्यात रस्त्याचा प्रत्येक खड्डा, प्रत्येक गतिरोधक टणक टायरमधून थेट तळहातापर्यंत पोहोचतो. या गृहस्थांचे टायर केवळ २३ मिलिमीटर रुंद होते. टायर जितका अरुंद, तितकी हवा अधिक दाबाने भरावी लागते आणि तितका धक्काही अधिक बसतो. अशी बधिरता मधुमेह किंवा मानेच्या विकारांतही आढळते. म्हणून ती टिकून राहिली, किंवा हाताची पकड दुबळी होऊ लागली, तर तपासणी टाळू नये.

हलक्या चाकांचा हिशेब

आता चाकांकडे वळू. मुलगा पाठवणार होता त्या चाकांमुळे साधारण ४५० ग्रॅम वजन कमी झाले असते. स्वतःचे ७२ किलो, सायकल आणि सामान मिळून ११ किलो, म्हणजे एकूण ८३ किलो. बचत जेमतेम अर्ध्या टक्क्याची, अर्धा लिटर पाण्याहूनही कमी! ४० मिनिटांच्या चढावर हा फरक बारा-तेरा सेकंदांचा. उंच कडेच्या रिमला वारा कापण्याचा लाभ मिळतो हे खरे. परंतु तो वेग वाढेल तसा वाढतो. ताशी वीस किलोमीटरने जाणाऱ्याला त्यातले फारसे काही जाणवत नाही.

उलट दोन गोष्टी जपाव्या लागतात. उंच कडेच्या पुढच्या चाकाला बाजूने आलेला वाऱ्याचा झोत ढकलतो आणि हँडल क्षणभर हातातून निसटल्यासारखे होते. दुसरी गोष्ट ब्रेकची. ज्या सायकलींचे ब्रेक रिमवर दाबले जातात, त्यांना कार्बनची रिम ओल्या रस्त्यावर ॲल्युमिनियमइतकी चटकन थांबवत नाही. डिस्क ब्रेक असल्यास ही अडचण राहत नाही. तिशीतल्या माणसाचे पडणे बहुधा खरचटण्यावर निभावते. हाडे ठिसूळ झाली असतील, तर त्याच पडण्याने खुब्याचे हाड मोडू शकते. आणि रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर डोक्याला लागलेला किरकोळ मारही धोक्याचा ठरतो. म्हणून साठीनंतर वेगाच्या आधी थांबण्याचा विचार करावा.

आम्ही काय केले

प्रथम टायर बदलले. त्यांच्या सायकलीत २८ मिलिमीटरचे टायर बसतील याची मेकॅनिकने खात्री केली आणि हवा ८० पाउंडांवर आणली. (हवेची कमाल मर्यादा टायरच्या कडेवर छापलेली असते, रोज तितकी भरायलाच हवी असे नाही.) चाकांचा आउट काढला, ब्रेकचे रबर बदलले, हँडल थोडे उंच केले, हातमोजे आणि हेल्मेट घेतले. सगळ्याचा खर्च नव्या चाकांच्या किमतीच्या लहानशा अंशाइतका झाला. सहा आठवड्यांत बधिरता जवळजवळ थांबली.

चाके मुळीच बदलू नयेत, असा याचा अर्थ नव्हे. ब्रेक घासून रिमची बाजू आत खोलगट झाली असेल, तारांच्या भोकांजवळ तडे दिसत असतील, तारा वारंवार तुटत असतील किंवा दुरुस्तीनंतरही चाक आसावर हलत असेल, तर चाक बदलणे ही चैन नसून सुरक्षितता आहे. अशा वेळी पुरेशा तारांचे, मजबूत ॲल्युमिनियमचे चाक बहुतेकांना पुरते.

घरच्यांसाठी

काळजीपोटी सायकलच काढून घेऊ नका. हृदय, श्वास आणि मन या तिन्हींना तिचा लाभ होतो, शिवाय गुडघ्यांवर फार भार येत नाही. मात्र सायकलीने हाडे बळकट होत नाहीत. त्यासाठी चालणे आणि स्नायूंचे व्यायाम हवेतच. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. रक्तदाबाच्या काही औषधांनी नाडी मंद राहते, म्हणून घड्याळातील आकड्यापेक्षा आपली धाप पाहावी. छातीत दडपण, जबड्यात किंवा हातात कळ, चक्कर यांपैकी काहीही जाणवले, तर तेथेच उतरावे आणि तातडीने मदत मागवावी.

आमचे अभियंते अजूनही दर भेटीत कार्बनच्या चाकांचा विषय काढतात. परवा मी म्हटले, "टायर, ब्रेक आणि हात ठीक आहेत. आता केवळ हौस म्हणून घ्यायची असतील, तर माझी वैद्यकीय हरकत नाही. फक्त कमी उंचीची रिम घ्या आणि त्या चाकांना शोभतील असे ब्रेकचे रबर लावा." काकू हसून म्हणाल्या, "म्हणजे आता माझीच परवानगी उरली!"