पोस्टग्रेसचे कारागीर समोरासमोर

जगभरातल्या असंख्य कचेऱ्यांचे, पेढ्यांचे आणि संशोधनसंस्थांचे दप्तर आज ज्या पोस्टग्रेस नामक डेटाबेसमध्ये सांभाळले जाते, त्याला कोणी मालक नाही आणि त्याच्या कारभाऱ्यांना नेमणुकीचा हुकूम देणारा कोणी वरिष्ठही नाही. १९८६ साली बर्कली विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांच्या नेतृत्वाखाली आरंभ झालेला हा संशोधनप्रकल्प विद्यापीठाने थांबवल्यावर, १९९६ च्या सुमारास तो निरनिराळ्या देशांतील स्वयंसेवकांनी अंगावर घेतला. आणि टोरांटो, फिलाडेल्फिया, सैबेरियातील क्रास्नोयार्स्क अशा दूरदूरच्या गावी बसून, प्रत्यक्ष भेटीचा योग क्वचितच येत असताना, मुख्यतः ई-मेलच्या पत्रव्यवहारावर तो चालवला. २००६ च्या जुलैत दहाव्या वर्धापनानिमित्त टोरांटोत मेळावा भरला, आणि पुढील वर्षापासून ओटावा विद्यापीठात ‘पीजीकॉन’ ही परिषद दरसाल भरू लागली.

पत्रव्यवहाराने इतके साधले, तर समोरासमोर येण्याची निकड का भासावी, हे एका उदाहरणावरून कळेल. पोस्टग्रेसमध्ये एखादी नोंद बदलली की जुनी नोंद खोडली जात नाही, तिची नवी प्रत लिहिली जाते. आणि पूर्वी, बदललेल्या मजकुराचा एखाद्या इंडेक्सशी, म्हणजे नोंदी चटकन शोधण्यासाठी ठेवलेल्या सूचीशी, संबंध असो वा नसो, त्या तक्त्याच्या प्रत्येक इंडेक्समध्ये नव्या प्रतीची दखल घ्यावी लागे. २००८ च्या ८.३ आवृत्तीत ‘हॉट’ या नावाने आलेल्या सुधारणेने, नवी प्रत जुन्या नोंदीच्याच पानावर, म्हणजे साठवणुकीच्या त्याच ठोकळ्यात, मावत असेल आणि इंडेक्स असलेला मजकूर बदलला नसेल, तर हा भार वाचवला. या कामात पुण्यात बसून काम करणाऱ्या एका अभियंत्याचा मोठा वाटा होता, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नसावी, याचे मला वाईट वाटते.

अशा सुधारणेचा पॅच, म्हणजे कोडमधील प्रस्तावित बदल, डेटाबेसच्या मर्मस्थानाला हात घालतो, म्हणून त्यावर हरकती येणारच, आणि त्या याव्यातही. परंतु पुण्यात सकाळ असते तेव्हा अमेरिकेत रात्र. एका हरकतीचा खुलासा जाऊन त्यावर प्रत्युत्तर येईतो दिवस उलटतो, दोन ओळींचा नकार वाचणाऱ्याला मूळ हेतूपेक्षा कठोर वाटतो, आणि नवखा मनुष्य तर पॅच मागे घेऊन गप्प बसतो. तीच हरकत घेणारा गृहस्थ समोर बसला असेल, तर फळ्यावर पानाची आकृती काढून, बिघाड नेमका कोठे होईल ते दाखवतो, आणि रचनेला नव्हे तर तिच्या एका कोपऱ्यालाच त्याचा विरोध होता, हे घटकाभरात उमगते.

ओटाव्याच्या परिषदेत २०१३ पासून पूर्वनियोजित व्याख्यानांखेरीज एक मोकळे सत्रही भरू लागले. कोणीही उठून आपला विषय थोडक्यात मांडावा, उपस्थितांनी पसंती द्यावी आणि तिच्यावरून त्या दिवसाचे वेळापत्रक ठरावे, अशी तेथील वहिवाट. याशिवाय परिषदेच्या निमित्ताने निमंत्रित विकासकांची एक बैठक भरते; तीत पुढील आवृत्तीच्या मुदती, पॅच-परीक्षणाच्या फेऱ्या यांचा विचार होतो आणि तिचे टिपण सर्वांसाठी प्रसिद्ध केले जाते. हे मला फार मोलाचे वाटते, कारण जो खोलीत नव्हता त्यालाही हरकत घेण्याची जागा त्यामुळे राहते.

महामारीमुळे २०२० पासून तीन वर्षे ही परिषद पडद्यावरच झाली, २०२३ मध्ये ती ओटाव्याला परतली आणि २०२४ पासून नव्या नावाने व्हँकुव्हर, माँट्रियल अशी फिरू लागली. व्हिसा आणि विमानभाडे यांची तजवीज ज्याला करता येत नाही, त्या नागपूरच्या वा कोल्हापूरच्या तरुणाला मात्र ती तितकीच दूर राहिली आहे. बंगळुरूची ‘पीजीकॉन्फ इंडिया’ त्याला जवळची. तेथे व्याख्यानांच्या जोडीला अनुभवी कमिटरशेजारी, म्हणजे मूळ कोडमध्ये बदल दाखल करण्याचा अधिकार असलेल्याशेजारी, बसून स्वतःचा पॅच तपासून घेण्याची सोय भरपूर असावी, आणि पोस्टग्रेसवर ज्यांचा व्यवसाय उभा आहे अशा आपल्याकडील कंपन्यांनी अशा तरुणाच्या प्रवासखर्चाला मंजुरी द्यावी, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.